उजवीकडून येणारा उजेड

प्रिय आत्या,

पाकीट मिळालं. नवशिक्यांसाठी पानं कशी काढावीत, छटा कशा द्याव्यात, या तुझ्या पुस्तकात वहिनीची चित्रं चालतील का, एवढंच तू विचारलं आहेस. चित्रं पाहिली. पाहिली म्हणजे काय, जेवणाच्या टेबलावर मांडून चहा पार थंड होईपर्यंत बघत बसले. चूक सापडली नाही. भिंग घेऊन शोधली, आत्या, खरंच सांगते.

लग्न होऊन तुझ्या घरी आली तेव्हा तिला मऊ पेन्सिल कुठली आणि कडक कुठली, हेही कळत नव्हतं. तूच फोनवर सांगितलं होतंस, "अगं, सूनबाई पान काढायला बसते आणि बदाम काढून उठते!" मी हसले होते, जरा जास्तच. आणि आता तिच्या पानाची कड अशी वळली आहे की कागदाखाली बोट घालून बघावंसं वाटतं.

मी शाळेत जायच्या आधीपासून तुझ्या टेबलाशी बसले. आई-बाबा कामावर, आणि आपण दोघी खिडकीपाशी, तू आणि तुझी 'खोडरबर', तूच ठेवलेलं नाव. आधी मधली शीर, देठापासून टोकापर्यंत एका श्वासात. मग कडा. बारीक शिरा काढायच्या नाहीत, दोन्ही बाजूंनी छटा देत त्यांची जागा कोरी राखायची. बोटाने घासायचं तर नावच काढायचं नाही. एकदा घासलं, तेव्हा म्हणाली होतीस, "हे पान आहे की करपलेलं भांडं?" मी दिवसभर जेवले नव्हते. वहिनीला मात्र तू घासू देतेस. परवा आले तेव्हा तिचं बोट पुढून काळं झालेलं होतं आणि तू ते कौतुकाने सगळ्यांना दाखवत होतीस.

ती माझ्या खुर्चीत बसली होती. त्याचं काही नाही, खुर्ची कुणाचीही असते. पण तिने पानाचा उजवा अर्धा भाग गडद केलेला बघून मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, उलटं झालं गं. उजेड उजवीकडून येतो, सावली डावीकडे." ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "अगं, ते आईंपुरतं. आई डावखुऱ्या ना, त्यांच्या हाताची सावली कागदावर पडू नये म्हणून. आपल्याला डावीकडूनच बरा. आईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं मला." तू आतून ओरडलीस, "बरोबर सांगतेय ती!"

पहिल्याच दिवशी! इतकी वर्षं मी तो नियम समजून पाळला. माझ्याच हाताच्या सावलीत, मान वाकडी करून, खांदा आखडून पानं काढली. तुला कधी सांगावंसं वाटलं नाही? की मीच विचारायला हवं होतं? तिने तरी कुठे विचारलं होतं?

तुझा हात थरथरायला लागल्याचं कळलं तेव्हापासून मी रोज कामावरून आल्यावर पानं काढून ठेवते आहे. वाटलं होतं, पुस्तकाचं तू मला विचारशील. विचारलंस, पण तिच्या चित्रांबद्दल. वर लिहिलंस, "तू खोटं बोलणार नाहीस म्हणून तुलाच विचारते." मग ऐक. माझी पानं समोर ठेवून शिकणाऱ्याची मान माझ्यासारखीच अवघडेल. वहिनीची सोपी आहेत, स्वच्छ आहेत, पुस्तकात तीच शोभतील. पण तिच्या हातची चित्रं छापली गेली की तुझी शिष्या ती होईल, आणि मी नुसती भाची उरेन. माझं प्रामाणिक मत मी दिलं. आता ते मानू नकोस. पुस्तक मला दे.

तुझीच, वहिनीच्या कितीतरी आधीपासून,
खोडरबर