उघडा राहिलेला व्हॉल्व्ह

ॲरिझोना, १२ फेब्रुवारी

प्रिय ऑड्रे,

आम्ही दोघं ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे? पट्टा बांधतेस ना?

परवा आमच्या मोटरहोमच्या संडासाची टाकी तुंबली. टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा आणि टाकी भरली की एकदम सोडायची, हे इथल्या गाड्यांच्या तळावरच्या सगळ्या शेजाऱ्यांना नॉर्मननेच शिकवलं. कुणाचा उघडा दिसला की ओरडायचा, "अरे शहाण्या, पाणी वाहून जाईल आणि बाकीचं आत थापलं जाईल!" आता आमचाच तीन आठवडे उघडा होता. त्यानेच उघडलेला, आणि त्याला आठवतही नव्हतं.

"थेल्मा, कुणी उघडा ठेवला हा?" माझ्यावरच खेकसला.

"मी," म्हटलं. त्याचा चेहरा बघून दुसरं काही बोलवेना.

दोन दिवस मी गरम पाणी ओतून टाकी साफ केली. नॉर्मन बाजूला उभा राहून सूचना देत होता. नियम त्याला अजून सगळे पाठ आहेत.

घरी परत या, असं लिहू नकोस. घर विकूनच ही राहायची गाडी घेतली. मुलांनाही इतक्यात कळवू नकोस.

सोमवारी निघायचं म्हणतो, डोंगरातून तीनशे मैल, आणि चालवणार तोच. मी किल्ली लपवली आणि हरवली म्हणून सांगितलं.

"तुझं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं," म्हणाला.

जिना जपून उतर.

तुझी मोठी बहीण,
थेल्मा