सहा पायऱ्या आणि एक पाकीट

३ नोव्हेंबर, सोमवार
निर्णय पक्का. लहान मुलांच्या कॅन्सरची फेलोशिप करायची. दोन वर्षं. चाकणमध्ये बारा वर्षं सर्दी, खोकला, जुलाब बघितले, बास झालं. परीक्षा १५ तारखेला. पुस्तक अकराशे पानांचं. रोज शंभर पानं, अकरा दिवस, वर एक दिवस हाताशी. हिशोब चोख.

दुपारी वर्षालीचा रक्ताचा रिपोर्ट आला. वय पाच. वडील ज्योतीराम, परभणीकडचा, इथं कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेस शॉपला. रिपोर्ट चांगला नाही. अजिबात नाही. तो समोर बसला होता, सेकंड शिफ्टचा डबा मांडीवर घेऊन. मी चिठ्ठी लिहिली, पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं आणि म्हणालो, पुण्यात मोठ्या दवाखान्यात दाखवून या, घाई नाही, पण उशीर नको. बरं म्हणाला, गेला. काय झालंय ते मी सांगितलं नाही. असलं काही प्रशिक्षणाशिवाय सांगणं अशास्त्रीय आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार
पानं: शून्य. पण शोध मोठा लागला. परीक्षेत एक खोटी आई असते. म्हणजे आईचं सोंग घेतलेली एक बाई. तिला सात मिनिटांत वाईट बातमी द्यायची. त्याच्या सहा पायऱ्या आहेत. बसवा. त्यांना काय माहितीय ते विचारा. किती ऐकायचंय ते विचारा. साध्या शब्दांत सांगा. गप्प बसा. मग पुढं काय करायचं ते सांगा. मी मुळात हळवा, त्यामुळे हे मला येतंच. तरी प्रॅक्टिस करणार.

जाईबाई दारात आल्या. आमच्या नर्स, रजिस्टर, वजनकाटा आणि भांडणं, तिन्ही त्यांच्याकडे. म्हणाल्या, डॉक्टर, त्या ज्योतीरामचं... मी हात वर केला. परीक्षेपर्यंत पेशंटचे विषय बंद, असा नियम जाहीर केला. त्यांना सहा पायऱ्या मात्र शिकवल्या. फार लक्ष देऊन ऐकत होत्या.

ज्योतीरामला उद्या फोन करायचा.

६ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी सात
पहिली प्रॅक्टिस बायकोवर, प्राजक्तावर. बातमी: गीझर गेला. तिला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, हात हातात घेतला, विचारलं, तुला काय काय माहितीय? तिचा चेहरा उतरला. म्हणाली, सॉरी कुलदीप, पण तुझं सिलेक्शन होणार नाही हे मी आईला आधीच सांगून ठेवलंय, पुस्तकातली खूण गेल्या आठवड्यापासून पान तेवीसवरच आहे. आता ही बातमी कोण कोणाला देत होतं? गीझरचं राहूनच गेलं. ते तिला अंघोळीला गेल्यावर कळलं.

निष्कर्ष: दुसरी पायरी फार प्रभावी. माणसं आपणहून बोलतात.

८ नोव्हेंबर, शनिवार
दादांवर प्रॅक्टिस. बातमी: माझ्या अभ्यासासाठी कुस्तीचं चॅनल बंद केलंय. दादा म्हणजे माझे वडील, सोपानराव. सांगवीत त्यांना दचकलेलं कुणी पाहिलेलं नाही. दार लावून घेतलं, जवळ बसलो, विचारलं, दादा, तुम्हाला काय माहितीय? त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, व्हय, खातो मी रोज चौकात जिलबी, फिरायला कुटं जातोय मी. शुगर तीनशेवर असणार. मी तिसरी पायरी घेतली: किती ऐकायचंय तुम्हाला? ते म्हणाले, कायबी सांगू नको, अर्जुनरावाला बोलाव. आणि पांघरूण घेऊन झोपले.

चौथ्या पायरीपर्यंत पोचता आलं नाही. वेळेचं नियोजन सुधारायचं.

९ नोव्हेंबर, रविवार
अर्जुनकाका शहाळी घेऊन आले. मागून निम्मी भावकी. सगळे दादांना बघून हळू आवाजात बोलत होते. काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, किती दिवस हायत? मी म्हणालो, परीक्षेला सहा. ते भिंतीला टेकले.

संध्याकाळी कुस्तीचं चॅनल परत चालू केलं. दादा उठून बसले. पानं: चार, पण त्यातली दोन चित्रांची.

१२ नोव्हेंबर, बुधवार
चाकण चौकात पाऊण तास अडकलो. गाडीत लेक्चर ऐकायचं ठरवलं होतं. ऐकलं. झोप छान लागली, मागच्या कंटेनरच्या हॉर्नने उठवलं.

क्लिनिकवर जाईबाई पुन्हा, डॉक्टर, वर्षालीचं जरा... मी पुन्हा हात वर केला.

ज्योतीरामचा नंबर काढला. बघितला. ठेवला. पहिली पायरी 'बसवा' अशी आहे. फोनवर माणूस बसलाय की उभा, कसं कळणार? गेला असेल तो दवाखान्यात. नसेल गेला तर? पाकीट तर मी नीट चिकटवलं होतं. दोन रात्री हेच डोक्यात आहे. परीक्षा झाली की लगेच करतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार
परीक्षा उत्तम. लेखी पेपरात पहिल्या सत्तावीस पानांवर एकही प्रश्न नव्हता, म्हणजे पेपर काढणाऱ्याने पुस्तक नीट वाचलेलं नाही.

खोट्या आईकडे मात्र मी रंगात होतो. बसवलं. विचारलं, काय माहितीय? काहीच नाही म्हणाली. किती ऐकायचंय? सगळं म्हणाली. मग माझ्या लक्षात आलं की मुलाला काय झालंय ते दारावरच्या कागदात लिहिलं होतं आणि तो मी वाचलेला नाही. थेट पाचवी पायरी घेतली. गप्प. चार मिनिटं. शेवटी तीच म्हणाली, डॉक्टर, पाणी हवंय का? बेल झाली. परीक्षक माझ्याकडं एकटक बघत होते. भारावले असणार.

ज्योतीरामला निकाल लागल्यावर, अधिकाराने फोन करू.

१९ नोव्हेंबर, बुधवार, दुपारी एक
जाईबाईंनी आत येऊन दार लावलं. माझा मोबाइल सायलेंटवर टाकला. मला पेशंटच्या स्टुलावर बसवलं. म्हणाल्या, डॉक्टर, तुमास्नी काय काय म्हाईत हाय?

मी बोलून गेलो. म्हणालो, मी ज्योतीरामला काहीच सांगितलं नाही, मला भीती वाटली, नुसतं पाकीट दिलं आणि अजून फोनसुद्धा केला नाही.

त्या म्हणाल्या, निकालाच्या यादीत नाव न्हाई तुमचं. कंप्युटरवर आत्ता आलंय.

पाचवी पायरी घेतली. मग म्हणाल्या, पोरीचं मी त्याच दिवशी सांगितलं, रिपोर्ट रजिस्टरात मीच चढवला हुता. ज्योतीराम जिन्यात पाकीट उजेडाकडं धरून बघत हुता. मी शेजारी बसले आन् म्हणलं, रक्ताचा कॅन्सर आसंल आसं डॉक्टरांना वाटतंय, औषध हाय त्यावर, शिफ्टला जाऊ नका, आजच न्या. दुसऱ्या दिवशी ॲडमिट झाली. औषध चालू हाय. दोनदा तुमाला सांगाया आले, तुमी हात वर केला.

ज्योतीरामचा निरोपही होता. डॉक्टरांनी वेळेत सांगितलं, लई उपकार झाले म्हणावं.

जाईबाईंची सहावी पायरी: बाहेर नऊ पेशंट हायत, पण आधी त्याला फोन लावा.

लावला. ज्योतीराम म्हणाला, बोला डॉक्टर. मी तोंड उघडलं. काहीच येईना. ही पाचवी पायरी नव्हती. तो दोनदा हॅलो म्हणाला, मग वॉर्डातल्या कुणाला तरी म्हणाला, डॉक्टरांचा फोन हाय पण आवाजच येईना, आणि ठेवून दिला.

परत लावतोय.