उभ्या भेगा

सोमवार, ४ तारीख, सकाळ
आजपासून शिस्त. ताई राहते त्या इमारतीचा तपासणी रिपोर्ट टाइप करायला माझ्याकडे आलाय. भिंतींवरच्या भेगांचे बारा फोटो टेबलमध्ये बसवायचे, मग साहेब ते बघून ठरवणार, लोकांनी तिथे राहायचं की घरं सोडायची. ऑफिसात बाकीचे फोटो कसेही चिकटवतात. मी नाही. सही करायच्या आधी साहेबांच्या तोंडून 'वा' निघालं पाहिजे. दुपारच्या चहापर्यंत संपवतो.

सोमवार, संध्याकाळ
संपलं नाही. पहिला फोटो टाकला तर कॉलम फुगून पानाबाहेर गेला. दुसरा टाकला तर पहिला रुसून खालच्या पानावर जाऊन बसला. दोष सॉफ्टवेअरचा. मध्येच ताईचा फोन. घराचं दार घासतंय म्हणाली. म्हटलं, सुताराला बोलाव, रंधा मारून घे. लाकूड आहे, फुगणारच. इथे कॉलम फुगतोय, मी कुणाला सांगू?

मंगळवार
जमलं! कप्पा आपोआप मोठा होऊ नये म्हणून एक टिक काढायची असते. काढली. आता कॉलम जागचा हलत नाही. फोटो टाकला तर त्याची नुसती एक पट्टी दिसली, दाराच्या फटीतून कुणीतरी बघत असल्यासारखी. उगाच दचकलो. ओळींमधलं अंतर कुणीतरी बांधून ठेवलं होतं, ते मोकळं केल्यावर फोटो अख्खा आला. एवढी अक्कल असून मला इथे टायपिंगला बसवलंय.

बुधवार
नवी कटकट. आठ फोटो उभे, चार आडवे. उभ्या कप्प्यात आडवा फोटो म्हणजे वर-खाली नुसतं पांढरं. दात पडलेल्या तोंडासारखं दिसत होतं टेबल. शेवटी चारही फिरवून उभे केले. काय शोभा आली! भेग ती भेग, आडवी काय नि उभी काय. पण सर्व्हेवाल्याने प्रत्येक भेगेशेजारी भिंतीवर खडूने बाण काढलेत, वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून. फिरवल्यावर त्यातले चार बाण भलतीकडे तोंड करून बसले. सगळेच बाण क्रॉप करून टाकले. सर्व्हेवाल्याला विचारलं असतं, पण तो दुसऱ्या साइटवर गेलाय आणि तिथे रेंज नाही. माझा इलाज नाही.

ताईच्या दारावर दोनदा रंधा मारून झाला, तरी ते बसत नाही. सुतार म्हणतो, दार सरळ आहे, चौकट वाकडी झालीय. या लोकांना स्वतःची चूक कधी दिसतच नाही.

गुरुवार
ताईने बॅग भरून ठेवलीय. नणंदेकडे जाते म्हणाली. स्वयंपाकघरातली फरशी बसल्या जागी तडकली म्हणे. म्हटलं, थांब जरा, रिपोर्ट माझ्या हातात आहे, भावावर विश्वास नाही का तुझा? म्हणाली, आहे, म्हणूनच थांबलेय. फार बरं वाटलं. दिवसभर फोटोंच्या कडा जुळवत बसलो.

शुक्रवार
साहेबांनी रिपोर्ट पाहिला. 'वा' नाही, पण 'नीटनेटकं आहे' म्हणाले. मग म्हणाले, सगळ्या भेगा उभ्या आहेत, म्हणजे प्लास्टरच्या. एक जरी आडवी असती तर आजच्या आज इमारत रिकामी करायला लावली असती. आणि सही केली.

चार फोटो मी फिरवलेत, हे सांगणारच होतो. पण साहेबांचे केस या कामात पांढरे झालेत, फिरवलेला फोटो त्यांना ओळखू येणार नाही होय? शिवाय चार फोटो परत आडवे करायचे म्हणजे सगळं टेबल मुळापासून विस्कटणार. सोमवारी सांगायचं. नक्की.

ताईला कळवलं, काळजी करू नको, बॅग सोड. ती फोनवर रडली. मग प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगून आली म्हणे, माझ्या भावाने तपासलंय. कोणीच कुठे जात नाही आता.

शनिवार
झोप लागली नाही. अपचन असणार. उद्या ताईकडे जेवायला जातो. जाता जाता एक नजर टाकू. नुसती.

रविवार, दुपार. ताईचं घर
जेवण झालं. माझा सहा नंबरचा फोटो ताईच्या स्वयंपाकघरातलाच निघाला. आधी ओळखलाच नाही. मान वाकडी करून बघितलं तेव्हा पटला. भेग भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलीय. शेजारी खडूचा बाण अजून आहे, सरळ छताकडे. फोटोत भेग केसाएवढी होती. आज तिच्यात माझी करंगळी गेली.

नवा फोटो काढून साहेबांना पाठवला आणि फोन लावला. सुट्टीच्या दिवशी काय हे, म्हणून ते आधी वैतागले.

"आडवा आलाय फोटो," ते म्हणाले. "सरळ करून पाठव."

"साहेब, सरळच आहे."

त्यांनी विचारलं, आत माणसं किती आहेत. म्हटलं, सगळी. त्यांनी सांगितलं, सामानाला हात लावू नका, सगळ्यांना घेऊन आत्ताच्या आत्ता खाली उतरा.

घाबरवायला नको म्हणून भाऊजींना एवढंच म्हटलं, चला, सगळेच जरा खाली फिरून येऊ. ते दार उघडायला गेले. मघाशी मी आलो तेव्हा दार नुसतं घासत होतं. आता हलत नाही. भाऊजी खांदा लावून ढकलतायत. वरच्या मजल्यावरही कुणीतरी दार ठोकतंय, आतून. डोकं शांत राहावं म्हणून मी हे लिहितोय.

ताई शेजारी येऊन उभी राहिली. "काय रे, काय म्हणाले साहेब?"

सांगितलं, फोटो सरळ करून पाठव म्हणाले.