डावी कूस

३ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

जागा पक्की झाली. पाच आठवड्यांनी आम्ही तिघं वर जाणार, आणि अवकाशस्थानकाला यान जोडताना सुकाणू माझ्या हातात असणार. आधी वैमानिक, मग धातूंना तडे का जातात ते शोधणारी प्रयोगशाळेतली बाई, असा अकरा वर्षांचा खटाटोप एकदाचा कामी आला.

सोबत फॉर्म आहे. घरात कुणाला फीट, चक्कर, हृदयविकार आहे का, ते भरून सही करा आणि बंद पाकिटात मला पाठवा. मी ते डॉक्टरांना देईन. सगळीकडे 'नाही'च लिहायचंय, तेव्हा तुमच्या विमानांच्या हँगरमधल्या रजिस्टरसारखा त्यावर अर्धा दिवस घालवू नका. तुमचा गुडघा त्यांनी विचारलेला नाही.

मी ठणठणीत आहे. हल्ली डाव्या कुशीवर तेवढी झोपत नाही, सवय मोडली.

लोभ आहेच, तो फॉर्मसोबत लवकर पाठवा.
तुमची ठमी

९ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आईने तीनदा वाचून घेतलं. मी सगळीकडे 'नाही' लिहिलं, सही केली, आणि पाकीट चिकटवायला हात होईना.

माझा गुडघा कधीच दुखत नव्हता. चौदा वर्षांपूर्वी विमानाच्या पंखाखाली शिडीवर उभा होतो. मान डावीकडे वर केली आणि सबंध हँगर गरकन फिरला. पुढेही तसंच होत राहिलं. चक्कर येते म्हटलं तर मेकॅनिकला घरी बसवतात, म्हणून गुडघा पुढे केला आणि जमिनीवरचं काम मागून घेतलं. तुझी आई बिचारी इतकी वर्षं धडधाकट गुडघ्याला तेल चोळतेय. आणि दिसला तो ओरखडा लिहायचा, मग विमान उडो न उडो, हे तुला शिकवणाराही मीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

मला डाव्या कुशीवर वळलं की फिरतं. आता खरं सांग, तुझी सवय का मोडली?

माया आहे तशीच आहे, उत्तर टाळू नकोस.
बाबा

१४ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हो, फिरतं. तीन आठवडे झाले. अर्धा मिनिट पलंगाची कड धरून बसते, मग काहीच नाही. कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं की जागा गेली, राखीव वैमानिक बॅग भरूनच बसलाय.

मला भीती वाटते, बाबा. जोडणीच्या वेळी मान वळवून डावीकडचा आकड्यांचा पडदा बघावा लागतो, आणि माझ्या मागे दोघं बसलेले असतात. एकाचं बाळ आठ महिन्यांचं आहे. तरीही सांगते, 'नाही'च राहू द्या. तुम्ही चौदा वर्षं निभावलंत, मला वरचे नऊच दिवस निभावायचेत.

एवढं ऐका, मग हवं तेवढं रागवा.
ठमी

२० जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

'नाही' खोडून 'हो' लिहिलं आणि खोडलेल्यावर सही केली, रजिस्टरात करतो तशी. मी निभावलं ते शिडीवरून उतरून. तुला तिथे जमिनीवरचं काम कोण देणार?

आईला सगळं सांगितलं. कालपासून ती माझ्याशी बोलत नाही.

बंद पाकीट तुझ्याच हाती देतोय. डॉक्टरांना द्यायचं की फाडायचं, ते तू ठरव. फाडलंस तरी मी तोंड उघडणार नाही, पण ते नऊ दिवस माझ्या डोळ्याला डोळा लागणार नाही.

अबोला धरलास तरी खुशाली कळव.
बाबा

२ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

अबोलाच धरला होता. पाकीट चार दिवस खणात ठेवलं. पाचव्या दिवशी सरावाच्या खोलीत मान वळवली, पडदा फिरला आणि मी यान स्थानकावर आदळवलं. खोटं यान, खोटं स्थानक, पण कागदावर आम्ही तिघं मेलो. बाळाच्या बापाने हसून माझी समजूत काढली, की खऱ्या वेळी तू चुकणार नाहीस. त्याचा तो विश्वास मला सोसवेना. तडक जाऊन डॉक्टरांना पाकीट दिलं आणि माझंही फिरणं सांगितलं.

ते माझ्याशिवाय गेले आणि सुखरूप परतले. यान उडालं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

दुखणं म्हणाल तर कानातले बारीक खडे जागचे हलतात. डॉक्टरांनी डोकं ठरावीक रीतीने वळवून ते जागेवर आणले. पंधरा मिनिटांचं काम. दोन महिने तपासण्या झाल्या, पुन्हा फिरलं नाही. सप्टेंबरच्या उड्डाणात माझं नाव आहे. तुम्हीही कानाच्या डॉक्टरांकडे जा.

राग संपला, लोभ शिल्लक आहे.
ठमी

२८ ऑगस्ट

चि. ठमीस,
अ. उ. आ.

हे पोचेल तेव्हा तुझ्या उड्डाणाला चारेक दिवस उरतील. या खेपेला मला झोप लागते.

साहेबांना खरं सांगितलं, डॉक्टरांकडे गेलो. खरोखरच पंधरा मिनिटं लागली. चौदा वर्षं फुकट गेली. काल शिडी लावली, थेट पंखापर्यंत चढलो, मान डावीकडे वर केली. हँगर जागच्या जागी होता. रजिस्टरात तशी नोंद केली.

उतरलो तो लंगडतच. गुडघा आता खरंच दुखतो, आणि तुझी आई तेलाची बाटली द्यायला तयार नाही.

जपून जा, आणि आल्यावर तिची समजूत काढ.
बाबा