सहाव्या गाण्यातला पोळपाट

डोंबिवली पूर्व,
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. रसिका हिला बाबांचे आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत, तूही बाळकुमच्या त्या अकराव्या मजल्यावर बरी असशील असं धरून चालतो. फोन तू उचलत नाहीस, घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलीस, म्हणून कागद घेतला. सुशांत उद्या आपल्या खोपटच्या गोदामात स्टेजचे मॉनिटर स्पीकर न्यायला येणार आहे, त्याच्याकडे हे पत्र देतो. सोबत एक पुडकंही आहे. ते आधी उघडू नकोस.

गोदामाचं म्हणशील तर हळदीकुंकवापासून वाढदिवसापर्यंत सगळ्यांना आता डीजे हवा. मी एकेकाळी दुसऱ्याच्या मंडपात कर्णा बांधायला बांबूवर चढलेलो. आता माझी पोरं टॅबवर बोट फिरवून आवाज लावतात आणि मला म्हणतात, शेठ, तुम्ही बसा. मी बसतो. कान मात्र उभे असतात.

त्याच कानांनी तुमचा अल्बम ऐकला. ‘खाडीपूल’ हे तुमच्या जोडीचं नाव मला पहिल्यापासून आवडलंय. ‘बोलणं बंद’ हे अल्बमचं नावही चांगलं आहे. धंद्याच्या नात्याने दोन गोष्टी सांगतो, राग मानू नकोस. चौथ्या गाण्यात तुझा ‘स’ शिट्टी मारतो. आणि सुशांतची गिटार सगळीकडे तुझ्या पुढे उभी राहते, जशी लग्नात नवऱ्यामुलाची मावशी फोटोत उभी राहते. बाकी काम साफ आहे.

नऊच्या नऊ गाणी तुटलेल्या नाहीतर तुटू घातलेल्या जोड्यांची. मनुआत्याने ऐकलं आणि मला फोन. “परशुराम, पोरीचं त्या सुशांतशी बिनसलं वाटतं रे. काय गाते, काळजात कळ येते.” मी म्हटलं, “आत्या, त्यांचं जमलेलंच नाही, बिनसेल कुठून? दोघं नुसते एकत्र वाजवतात.” तर म्हणते, “तू बाप आहेस, तुला शेवटी कळणार.” मी सोडून दिलं. सुशांतच्या तीन प्रकरणांची गाणी मला ओळखू आली. ती ठाकुर्लीवाली तर अजून त्याच्याकडून स्पीकर मागून नेते. एवढ्या अनुभवावर दुसरा कुणी सल्ला केंद्र काढेल.

पण सहावं गाणं सुशांतचं नाही.

काल तो फोनवर म्हणाला, “काका, रसिका शनिवारच्या शोमधून सहावं काढतेय. म्हणते, घरच्यांना लागेल. मी म्हटलं तेच आपलं सगळ्यात भारी गाणं आहे, ऐकतच नाही.” मी म्हटलं बघतो. बघायचं काय, अल्बम आला त्या रात्रीच माझ्या लक्षात आलेलं. त्यात ड्रम नाही. ठेका आपल्या पोळपाटाचा आहे, तू कधीतरी मोबाइलवर टिपलेला. त्याचा एक पाय आखूड आहे, म्हणून लाटणं दोनदा फिरलं की एकदा खट् होतं. तो पाय दुरुस्त कर म्हणून तुझी आई मला किती वर्षं सांगत्येय. म्हणजे, मला सांगायला तुला सांगत्येय.

“बाबांना सांग ताट वाढलंय, आईला सांग भूक नाही,
दीड खोलीच्या घरामध्ये मी किती मैल चालले.”

त्या ओळीला मी गाणं थांबवून स्पीकरची केबल तपासली. केबल ठीक होती.

तुला माहीत आहे, तू बाळकुमला गेलीस तेव्हापासून आईचं म्हणणं, मीच तुला डोक्यावर चढवलं. माझं म्हणणं, पोरगी कमावते, जाऊ दे. मग नेहमीचं, आमचं बोलणं बंद. ती ग्रुपवर तुला लिहायची, ‘बाबांना सांग गॅस संपलाय.’ मी शेजारच्या खुर्चीत बसून वाचायचो आणि तुला लिहायचो, ‘आईला सांग नंबर लावला.’ तू ग्रुप सोडलास आणि घरात इतकी शांतता झाली की मला फ्रिजचा आवाज कुठल्या पट्टीत आहे तेसुद्धा कळायला लागलं.

आज सकाळी तुझी आई पोळ्या लाटत होती. मी ओट्यावर तो छोटा स्पीकर ठेवला आणि सहावं लावलं. काही बोललो नाही, बोलणं बंदच होतं. थोडा वेळ गाण्यातला पोळपाट आणि ओट्यावरचा पोळपाट बरोबर चालले. मग तिने लाटणं थांबवलं. तरी पोळपाट वाजत राहिला.

ती पूर्ण गाणं तशीच उभी राहून ऐकत होती, हाताला पीठ. तवा तापून धूर यायला लागला तेव्हा मी गॅस बंद केला.

“हा माझा पोळपाट आहे,” ती म्हणाली. रसिका, हे ती मला म्हणाली. सरळ माझ्याकडे बघून.

“हो.”

“ठेका चुकलाय. मी रागावले की एवढं हळू लाटत नाही.”

“तिला सांग मग,” मी सवयीने म्हणालो.

“मी तुम्हाला सांगत्येय,” ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. मीही बसलो. पोळ्या राहिल्या. काय बोललो ते लिहीत नाही. ते तुझ्यामार्फत गेलं नाही, म्हणून तुला कळायचं कारण नाही. चहा दोनदा झाला एवढं सांगतो.

शेवटी ती उठली, पोळपाट धुतला, पुसला आणि पेपरात गुंडाळला. म्हणाली, “मोबाइलवरचं काय वाजवायचं? खरा वाजवू दे. आणि ते गाणं काढलं तर माझ्याशी गाठ आहे.” शनिवारी साउंड माझा आहे. पोळपाटाला माईक मी स्वतः लावेन, पाय तसाच ठेवलाय. आई माझ्या बाजूला बसणार आहे. तिकीट घेऊन, ती फुकट येत नाही म्हणाली.

मी म्हटलं, शो झाला की मी पोळपाट घरी आणतो. तर नाही म्हणाली. “तुम्ही आणायचा नाही. तिने आणायचा. रविवारी, जेवायच्या आत.”

तेव्हा पुडकं उघड आणि सहावं गा. दुसरा पोळपाट आम्ही घेणार नाही. रविवारपर्यंत आम्ही दोघं भातावर आहोत. हे आम्ही एकमेकांशी बोलून ठरवलंय.

या पत्रात आईला सांगण्यासारखं काही नाही. ती समोरच बसली आहे.

तुझे,
बाबा आणि आई