समुद्र हा विषय

११ मे ८५
एफ.वाय.ची परीक्षा संपली. जूनमध्ये विषय ठरवायचे. आप्पांचं पक्कं आहे: केमिस्ट्री. बोईसरच्या एखाद्या कारखान्यात लॅबची नोकरी, घरापासून सायकलवर. कराडहून इथं येऊन, अणुकेंद्रात शिफ्ट काढून त्यांनी मला शिकवलं. चुकतायत असं म्हणवत नाही. मला झूलॉजी आवडतं. पण नुसतं झूलॉजीही नाही, आणखी काहीतरी...

१३ मे
घिवलीला हेमाकडे. (ती आर्ट्सला, पण कॉलेजला एकाच एस.टी.ने जातो.) ओहोटीला खडकांवर. परातीएवढं डबकं, त्यात शेवाळ, नखाएवढे खेकडे, आणि एक फुलासारखं उमललेलं. बोट लावलं, मिटलं! सी ॲनिमोन. पुस्तकात काळंपांढरं होतं, हे हिरवंगार. पायाला मुंग्या येईपर्यंत उकिडवी बसले. हेमाची आई बोंबील वाळत घालत होती. म्हणाली, "आता भांग हाय, पानी लांब नाय जायाचं. अवसेला ये, मंग बघ." भांग म्हणजे चंद्र अर्धा असताना भरती-ओहोटी मऊ पडते ती. म्हणजे डबक्यात कोण जगणार ते चंद्र ठरवतो? अंगावर काटा आला.

२० मे
काल अमावस्या. आज संध्याकाळी पाणी केवढं मागं गेलं! हेमाचा जन्म इथला, तीही म्हणाली, "येवढ्या आत मी पन नाय आलेली कदी." दोघी वाकून बघत राहिलो. येताना मात्र बडबड. प्राणी माझ्या पुस्तकात, भरती हिच्या भूगोलात, आणि भांग हा शब्द दोन्हींत नाही. असं का? इथे तर सगळं एकत्रच आहे.

१२ जून
झूलॉजीच्या मॅडमना सांगितलं: झूलॉजी, भूगोल, कोळीवाड्यातली भाषा, सगळं मिळून एकच विषय हवा. समुद्र. हसतील वाटलं होतं.
"असा विषय नाही."
मग चष्मा पुसत, "म्हणजे अजून कुणी मागितला नाही. दोन वर्षं काय शिकणार ते लिहून आण."
हेमाला सांगितलं. "मी पन येनार," लगेच.

२५ जून
प्राचार्यांच्या केबिनमध्ये, आम्ही लिहून दिलेला कागद घेऊन, मॅडम, भूगोलाचे सर, मराठीचे सर. आम्ही दाराशी. "आधी भरती, मग जीव." "अहो, जीव बघितल्याशिवाय भरती कशाला कळायला हवी!" मराठीचे सर मधेच, "पण भांग शब्द आला कुठून?" चहा गार झाला. आम्ही आहोत हे तिघंही विसरले. हेमाने माझा हात घट्ट धरला. एवढी मोठी माणसं आमच्या डबक्यावरून भांडत होती!
प्राचार्य शेवटी स्पष्ट बोलले. युनिव्हर्सिटीला विचारतो. नाही म्हणाले तर वर्ष गेलं. २९ पर्यंत नेहमीचे विषय घेता येतील.

२७ जून
आप्पांना सांगितलं.
"ह्याला नोकरी कुठं मिळंल?"
"ठाऊक नाही."
आप्पा जेवायला बसले. आईने दोनदा भात वाढला, दोनदा तसाच राहिला. हात धुऊन आले आणि म्हणाले, "रोज शिफ्टच्या बसमधनं समुद्र दिसतो. बघितला कधी न्हाई." एवढंच. हो नाही, नको नाही.

२९ जून
केमिस्ट्रीची यादी बंद. माझं नाव दिलं नाही. आप्पांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्यांना कळलंय.

८ जुलै
युनिव्हर्सिटीचं उत्तर नाही. तरी मॅडमनी लॅब उघडली. विद्यार्थी दोन, शिक्षक तीन. हेमाने घरून बाटलीत खारं पाणी आणलेलं. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली. भूगोलाचे सर वाकले ते वर येईनात. मराठीचे सर पाठीमागे ताटकळत, "अहो, आम्हालाही बघू द्या." मग माझी पाळी. काचेसारखं काहीतरी, कडेला केस, आणि ते सगळे केस हलत होते, एका लयीत. थेंबात! श्वास घ्यायला विसरले.
"मॅडम, हे काय?"
मॅडमनी पाहिलं. बराच वेळ.
"मला माहीत नाही गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा हेमाच्या वयाच्या मुलीसारखा दिसत होता.