शिंगाची काच

३ एप्रिल १९८३, लातूर

आलो एकदाचा! ट्रंक एस.टी.च्या टपावर टाकली आणि हत्यारांची पेटी मात्र मुदखेडपासून मांडीवर घेऊन बसलो. ट्रंक चेपली तर चेपली, कानशी वाकल्या तर माझं कसं व्हायचं? जिल्हा होऊन अजून वर्षही झालं नाही. बांधकाम खात्याच्या कचेरीत नकाशे जमिनीवर पसरलेत आणि शिपाई त्यावरून खुशाल चपला घालून जातो. पण आरेखकाची नोकरी पक्की आहे, तेव्हा चपलांचे ठसेही गोड मानून घेतो.

खोली गुरुपादप्पांच्या घरामागे मिळाली. ते आडत व्यापारी, लिंगायत, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे. अट एकच, आवारात अंडंसुद्धा येता कामा नये. मला त्या वासानंच मळमळतं म्हटल्यावर खूश होऊन त्यांनी चहा पाजला. सिंधू माहेरी बाळंत झाली आहे, मे महिन्यात बाळाला घेऊन येईल. बाळाला एकदाच पाहिलंय. सदानकदा लाळ गाळत असतं. मला कुणाची लाळ बघवत नाही, त्याची मात्र चालते, हे नवलच आहे.

९ एप्रिल

अ‍ॅम्बॅसॅडर गाडीचं मॉडेल करायला घेतलं, हातभर लांबीचं. जिल्ह्याच्या वाढदिवसाला प्रदर्शन भरणार आहे, तिथं ठेवायचा विचार आहे. विकतचा एकही भाग लावायचा नाही हा माझा जुना माज. बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याची बॉडी, पितळी नळीच्या दिव्यांच्या कड्या, टाचणीचे वायपर. पुढची जाळी कानशीनं कोरून काढली. दारं उघडतात आणि लागताना टक् असा आवाजही करतात. फक्त काच जमत नाही. एक्स-रेची फिल्म धुऊन लावली, तर गाडीला मोतीबिंदू झाल्यासारखं दिसतं.

पाण्याची बोंब आहे. टँकर मनात आलं तर येतो. वाट्याला एक घागर. त्यातून प्यायचं की हात धुवायचे? नखांत डिंक आणि पत्र्याचा कीस घेऊन भाकरी मोडतो. स्वतःच्याच बोटांची शिसारी येते.

१६ एप्रिल

गुरुपादप्पांचा देवणी बैल आज गेला. बसवा त्याचं नाव. कडबा होता, पाणी नव्हतं. काल दिवसभर कोरडा दगडी हौद चाटत होता, जीभ पार सोलून निघाली होती. गुरुपादप्पांच्या बायकोनं, जगदेवीबाईंनी, आपल्या वाटणीचा तांब्या त्याच्या तोंडात ओतला, तो तसाच बाहेर आला. परसात खड्डा खणून, विभूती लावून, हार घालून, मीठ टाकून त्याला पुरलं. गुरुपादप्पा मोठ्यानं रडले. मलाही भरून आलं. मग माशा घोंगावायला लागल्या आणि मी आत पळालो.

२५ एप्रिल

परसातली काळी जमीन उन्हानं फाटली आहे. त्यातल्या एका भेगेतून बसवाचं शिंग वर आलंय. फण्या करणारे लोक शिंग उकळून मऊ करतात आणि दाबून त्याचे पातळ पापुद्रे काढतात, हे मी लहानपणी पाहिलंय. उजेडाकडे धरला की त्यातून आरपार दिसतं. गाडीला याहून चांगली काच कुठली?

दुपारी घर झोपलं होतं. करवत चालवली. शिंगाच्या मुळाशी कातड्याची पट्टी सुटून आली, मिठानं अर्धवट कमावलेली, आतून बुळबुळीत. मला उलटी झाली. पण तोंड पुसता पुसताच मनात आलं की याच्या सीटा झकास होतील. उरलेले तुकडे उकळून चिकटवायला सरस केला. सगळं प्यायच्या पाण्यात, दार लावून. बाहेरून जगदेवीबाईंनी विचारलं, काय जळायलंय हो. मी डिंक म्हणून सांगितलं. त्या घरात बसवाला देवाच्या जागी मानत, हे मला ठाऊक होतं.

२८ एप्रिल

काच बसली. सीटाही बसल्या. इतकी सुबक गाडी माझ्या हातून आजवर झाली नव्हती. वास काही जात नाही, अन्नावरची वासना उडाली आहे. पण फिटिंग बघून घ्यावी!

२ मे

झाकलेली घागर रिकामी. गाडी टेबलावर ठेवली होती, ती घागरीपाशी होती. पुढची जाळी ओली. बोट लावलं तर तार निघाली, लांब, चिकट. बोट लेंग्याला पुसलं आणि मग लेंगाच फेकून दिला.

५ मे

काल दुपारी डोळा लागला होता. तळहातावर काहीतरी खरखरीत, गरम. पाहिलं तर बॉनेट उघडं आणि आतून जीभ. सोललेली. माझा घाम चाटत होती. हातोडी घातली. पत्रा चेपला, आतून फेस आला. सकाळी पत्रा पुन्हा सरळ.

७ मे

गुरुपादप्पांना सगळं कबूल केलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "शेषेराव, त्याला प्यायला पाणी मिळालं न्हाई, आन् तुम्ही त्याला पाण्यात शिजवलंत?" जगदेवीबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. लाज वाटली, फार वाटली. दोघांनी मिळून गाडी त्याच खड्ड्यात पुरली. सिंधूला तार केली: येऊ नकोस.

९ मे

टेबलावर. चाकांना काळी माती.

पाण्यापायी गल्ली ओस पडत चालली आहे. गुरुपादप्पाही बिऱ्हाड घेऊन चाकूरला भावाकडे गेले, मलाही चला म्हणत होते. पण तारेला उत्तर नाही. सिंधू आली आणि मी इथं नसलो तर?

११ मे

सिंधू आली. तार पोचलीच नाही. बाळ मला बघून हसलं. लाळ पार छातीपर्यंत —

गाडीचं तोंड भिंतीकडे होतं. आता पाळण्याकडे आहे.

माझ्या पोटरीची साल गेली. चाटून चाटून. आत लाल — शी. पाय टेकवत नाही. सिंधूला पडलो म्हणालो. उद्या संध्याकाळच्या एस.टी.नं दोघं परत जातील.

१२ मे, दुपार

सिंधू टँकरला गेली आहे. मला उठून पाळण्यापर्यंत जाववत नाही, हाका मारल्या. गल्लीत कुणी नाही. बाळ झोपलंय, तोंड उघडं, उशी ओली. गाडी पाळण्याखाली —

शाईची बाटली सांडली. तिनं तोंड वळवलं. आली. शाई चाटते आहे.

लिहीत राहायचं. कागद ओला तोवर ती इथं. काय लिहू — काहीही — बाळाचं नाव अजून ठेवलं नाही — आजी म्हणते माझ्यासारखं नाक —

जीभ कागदावर. बोटांवर. किळस — येऊ दे, लिहायचं —

शाई संपली.

पेन्सिल घेतली. पेन्सिलीला ओल नसते. ती वळली. पाळण्याची दोरी ओढते. थुंकायला गेलो — थुंकी नाही. घाम नाही. पोटरीही तिनं कोरडी केली —

बाळ जागं झालं. हसतंय तिच्याकडे.

डोळ्यांत पाणी आहे. माझ्या. अजून आहे. वाकतो. बसवा. इकडे. हे घे, इकडे ये, इक—